कोल्हापुरात घरी जुनी, मोठी रीफ टाकी बसवताना: जागेपासून पहिल्या माशापर्यंत

रीफ टाकी म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. अशी पाच-सहा फुटी टाकी नवी करून घ्यायची तर खर्च झेपत नाही, म्हणून बरेच जण जुन्या टाकीने सुरुवात करतात. कुणाची बदली होते, कुणाचं घर बदलतं, कुणाची हौस फिटते आणि ‘सगळा सेट’ विकायला निघतो. कोल्हापुरात असा सेट क्वचितच मिळतो. बहुतेक वेळा तो पुण्याहून, मुंबईहून किंवा बंगळूरहून आणावा लागतो. त्यामुळे निम्मी अडचण टाकीची असते आणि निम्मी वाहतुकीची.

भाव करताना एवढं लक्षात ठेवा: पैसे काचेचे द्या, बाकी सगळं शून्य धरा. पंप चालला, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) चालला, दिवे बरे निघाले तर तो फायदा. टाकीच्या किमतीच्या निदान दुप्पट रक्कम मीठ, आरओ (पाणी शुद्ध करायचा संच), चिलर (पाणी गार करणारं यंत्र), हीटर आणि टेस्ट किटसाठी बाजूला काढून ठेवा. ही रक्कम हाताशी नसेल तर टाकी आत्ता घेऊ नका. अर्धवट सामानावर चालवलेल्या टाकीत जीव जातात.

खालची सगळी गणितं ५ × २ × २ फूट, १२ मिलिमीटर काचेच्या टाकीची आहेत. तुमची टाकी लहान-मोठी असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला.

१. आधी जागा, मग टाकी

या मापाची टाकी काठोकाठ भरली तर ५६६ लिटर होतात. खडक, वाळू आणि वरची मोकळी पट्टी वजा केली तर प्रत्यक्षात ४८० लिटरच्या आसपास पाणी बसतं. खालच्या संपमध्ये (मुख्य टाकीखालची, पंप आणि स्किमर ठेवायची छोटी टाकी) आणखी शंभर लिटर धरा. पाणी, शंभरेक किलो काच, खडक, वाळू, स्टँड आणि संप मिळून वजन साधारण नऊशे किलोंवर जातं आणि ते सगळं दहा चौरस फुटांवर उभं राहतं. म्हणजे चौरस मीटरला हजार किलोंच्या जवळपास. राहत्या खोलीच्या स्लॅबचं डिझाइन आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार धरून केलेलं असतं. तो भार पूर्ण खोलीभर पसरलेला धरतात, म्हणून अशी टाकी ठेवली की स्लॅब खाली आलाच असं नाही. पण खोलीच्या मधोमध ती ठेवायचीच नाही. खाली बीम जातो त्या भिंतीला लागून, टाकीची लांबी बीमवरून जाईल किंवा बीमला आडवी येईल अशी जागा निवडा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्लॅन दाखवून लेखी मत घ्या. पेठांमधल्या जुन्या घरांत माळवद किंवा लाकडी तुळयांवरची जमीन असेल तर वरच्या मजल्याचा विषयच सोडा.

तळमजला वजनाला उत्तम, पण पुराची रेषा बघून. २०१९ आणि २०२१ मध्ये तुमच्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा. तिथे पाणी आलं असेल तर टाकी पहिल्या मजल्यावर बीमवर, नाहीतर नकोच.

थेट ऊन पडणारी खिडकी, देवघराच्या उदबत्तीचा धूर, स्वयंपाकघरातली फोडणी आणि डासांची कॉइल यांपासून जागा लांब हवी. पेस्ट कंट्रोल घरात कधीच करायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगा. दार, जिन्याचं वळण आणि लिफ्ट टेपने मोजा. पाच फुटी टाकी जिन्याच्या वळणावर अडकली की परत न्यायलाही जागा राहत नाही.

कागद: घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती, अपार्टमेंट असेल तर सोसायटीचं पत्र, इंजिनिअरचं मत.

२. टाकी बघायला जाताना

सोबत टॉर्च, टेप, पाणसळ, व्हर्नियर, ब्लेड, दोरा आणि कॉपरचं टेस्ट किट न्या. दिवसा जा आणि टाकी भरलेली असतानाच बघा.

काचेची जाडी व्हर्नियरने मोजा. दोन फूट उंचीच्या पाच फुटी टाकीला १२ मिमी काच आणि वरच्या कडेने आतून चिकटवलेल्या पट्ट्या हव्यात. १० मिमी सांगितली तर नमस्कार करून परत या. समोरच्या काचेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा; मध्ये काच दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फुगलेली दिसली तर घेऊ नका. कोपऱ्यांवर, विशेषतः तळाच्या कडांवर, टवके उडालेत का ते नखाने चाचपा. ओरखडे दिसायला वाईट दिसतात, पण त्यांनी टाकी फुटत नाही. तळाच्या कडेचा टवका मात्र धोक्याचा.

मग सिलिकॉन. दोन काचांच्या मधला जो पातळ थर, तो टाकी धरून ठेवतो. आत कोपऱ्यात दिसणारी गोलसर पट्टी नुसतं संरक्षण. टॉर्च तिरकी मारून मधल्या थरात बुडबुडे, पांढुरकेपणा किंवा चंद्रकोरीसारखे सुटलेले भाग दिसतात का बघा. आतली पट्टी ब्लेडने खरवडताना निघालेली असेल तर ती नव्याने घालता येते. मधला थर सुटला असेल तर टाकी पूर्ण उकलून पुन्हा जोडावी लागते. जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन धरत नाही, त्यामुळे ‘वरून एक पट्टी मारली की झालं’ हे खरं नाही. टाकी आठ-दहा वर्षांची असेल तर जोडणी नव्याने करायचा खर्च भावातून वजा करून घ्या. त्या कामाला बुरशीरोधक औषध नसलेलं, सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनच वापरायला सांगा. बाथरूमसाठीच्या ‘अँटी-फंगल’ नळीत मासे आणि प्रवाळ मारणारी रसायनं असतात.

तांब्याची चाचणी चुकवू नका. माशांवरच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. ते खडकात आणि वाळूत मुरतं आणि नंतर हळूहळू सुटत राहतं. माशाला चालणाऱ्या मात्रेत कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ मरतात. पाण्यात तांबं दिसलं, किंवा मालकाने मुख्य टाकीतच औषध घातल्याचं सांगितलं, तर काच घ्या. खडक आणि वाळू तिथेच ठेवा.

उपकरणं एकेक करून चालवून बघा. हीटर जुना घ्यायचाच नाही. आतला थर्मोस्टॅट चिकटला की तो पाणी तापवत राहतो. नवे २०० वॉटचे दोन घ्या, म्हणजे एक बिघडला तरी पाणी उकडणार नाही आणि गारही पडणार नाही. दिवे म्हणून टी-५ नळ्या (बारीक ट्यूबलाइट) असतील तर त्या बदलायच्याच आहेत असं धरा. त्यांचा उपयोगी प्रकाश नऊ-बारा महिन्यांत उतरतो. पंप आणि स्किमरवर चुन्याची पांढरी पुटं असतील तर घाबरू नका. १०० ग्रॅम लिंबूसत्त्व एक लिटर पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर बुडवले की बहुतेक पुन्हा मोकळे फिरतात. चिलर मात्र बारकाईने बघा. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून जुळवलेल्या देशी चिलरमध्ये पाण्यात बुडणारी नळी तांब्याची असू शकते. खाऱ्या पाण्याला टायटॅनियमचीच नळी लागते. मालकाला नक्की सांगता येत नसेल तर तो चिलर फुकटही नको.

३. आत जे जिवंत आहे, त्याचे कागद

या पायरीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं आणि अडकतात ते इथेच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ येतात. अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा, हॅमर, टॉर्च, ब्रेन हे सगळे त्यातलेच. काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे हेही त्यातच. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांनाही हाच कायदा संरक्षण देतो. विकणाऱ्याने ‘सगळेच ठेवतात’ म्हटलं म्हणून तुमची जबाबदारी कमी होत नाही. असं काही टाकीत दिसलं तर ते सोडून बाकीचा व्यवहार करा. शंका असेल तर आधी वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा.

‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकतात तो नैसर्गिक खडकही बहुतांशी कठीण प्रवाळाचा सांगाडाच असतो. तो न घेता सिरॅमिकचा किंवा सिमेंटपासून बनवलेला कृत्रिम खडक घ्या. जीवाणू त्याच्यावरही तितकेच चांगले बसतात, फक्त महिना-दोन महिने जास्त लागतात. रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावरून खडक, शिंपले किंवा प्रवाळाचा तुकडा उचलून आणायचा नाही, हे ओघाने आलंच.

मग रीफ टाकीत ठेवायचं काय? मऊ प्रवाळ: मशरूम, झोअँथिड, लेदर, केनिया ट्री. नवख्याला हेच योग्यही आहेत. प्रकाश कमी लागतो, पाण्यातली चूक सोसतात, आणि लाटेत डुलणारा वीतभर लेदर कोरल ज्याने पाहिला त्याला कठीण प्रवाळ नसल्याची खंत वाटत नाही.

विक्रेत्याकडून टाकी आणि उपकरणांची सही केलेली पावती घ्या. मासे आणि प्रवाळ घेत असाल तर ते मूळ कुठून घेतले त्याची बिलंही मागा.

४. स्टँड

जुनं स्टँड गंजलेलं असतंच. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वेल्डिंगच्या सांध्यातून आत शिरतात आणि पाइप आतून खातात. वरून रंग शाबूत दिसतो. नवं करून घ्या. उद्यमनगरात हे काम करणारे फॅब्रिकेटर पावलोपावली आहेत. त्यांना सांगायचं ते असं: ५० × ५० मिमी चौकोनी पाइप, जाडी किमान ३ मिमी, सहा उभे पाय, त्यातले दोन मध्यावर, वरची चौकट पायांच्या वर टेकलेली, पायांना बाजूने डकवलेली नको, म्हणजे भार वेल्डवर न येता पाइपवर येतो, खालीही पूर्ण चौकट, नाहीतर प्रत्येक पायाखाली १०० × १०० मिमीची प्लेट. संप आत-बाहेर काढता येईल एवढी समोरची बाजू मोकळी. पाइपची उघडी तोंडं बंद करून मग पावडर कोटिंग.

वर १९ मिमीचा मरिन प्लाय आणि त्यावर १० मिमीचा फोम. पाणसळ लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे लावा. फरक दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर स्टँडच्या पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या सारा, टाकीखाली कधीच नाही.

५. पाणी

नळाचं पाणी पिण्याला चांगलं असलं तरी त्यात क्लोरीन असतं, पावसाळ्यात गाळ येतो, आणि बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. टाकीला लागतं शून्य टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार नसलेलं पाणी. स्वयंपाकघरातला आरओ ते देत नाही. त्यात चवीसाठी टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल काडतूस असतं आणि डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे दाणे) नसतं. सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक, मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन असा वेगळा संच घ्या. कार्बन वेळेवर बदला, कारण क्लोरीन आत गेलं की मेम्ब्रेन संपलं.

पहिल्या भरणीला साधारण ५८० लिटर लागतात. शंभर गॅलनचा संच दाब चांगला असताना दिवसाला ३८० लिटर देतो. प्रत्यक्षात नळाच्या वेळा आणि दाब बघता चार-पाच दिवस धरा. एका लिटरमागे तीनेक लिटर पाणी वाया जातं. ते गच्चीवरच्या टाकीत वळवा. धुणं, फरशी, झाडं, सगळ्याला चालतं.

साठवणीला नवी, खाद्यपदार्थांसाठीची टाकी किंवा पिंप घ्या. एमआयडीसीतून बाहेर पडणारे जुने निळे ड्रम स्वस्त मिळतात, पण त्यात आधी कोणतं रसायन होतं ते कुणालाच सांगता येत नाही. कितीही धुतले तरी ते घेऊ नका.

समुद्राचं पाणी आणायचा मोहही टाळा. कोकण जवळ आहे हे खरं, पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात खाडीचं गोडं पाणी, गाळ आणि बोटींचं तेल मिसळलेलं असतं, आणि प्रत्येक खेपेला क्षारता वेगळी निघते. मीठ रीफसाठीचंच घ्या: रेड सी, ट्रॉपिक मरीन, इन्स्टंट ओशन यांपैकी जे सातत्याने मिळेल ते. लिटरला ३६ ते ३९ ग्रॅम लागतं, म्हणजे पहिल्या भरणीला २१-२३ किलो. उरलेलं मीठ हवाबंद डब्यात ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या पिशवीतल्या मिठाचे दगड होतात.

६. वीज

वायरमनला बोलावून टाकीसाठी स्वतंत्र एमसीबी, १६ अँपिअरचं सॉकेट आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. अर्थिंग मीटर लावून तपासायला सांगा. खाऱ्या पाण्यात हात घालून काम करायचं आहे. आरसीसीबी नसलेल्या टाकीत हात घालू नये. बोर्ड टाकीच्या खाली न घेता बाजूच्या भिंतीवर घ्या आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल.

इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर (टाकीतलं पाणी खेळवणारा पंप) आणि रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर चढवणारा) ठेवा. चिलर, हीटर, दिवे नकोत. साठ वॉटच्या भाराला चांगली १५० एएच बॅटरी अर्ध्या दिवसाहून जास्त चालते. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर पंप गुणगुणतात, तापतात आणि काही दिवसांत जळतात. शिवाय बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. वीज गेल्यावर मासे गुदमरून जातात, थंडी-उष्णतेने नंतर.

७. टाकी उतरवण्याचा आणि आणण्याचा दिवस

जमलं तर टाकी आणि उपकरणं आधी आणा, घरी तपासून घ्या आणि मासे नंतर आणा. ‘सगळं एकदमच न्या’ अशी अट असेल तर घरी दोनशे लिटरची दोन पिंपं, हीटर, पंप आणि २५ अंशाचं तयार खारं पाणी आदल्या दिवशीच मांडून ठेवा. टाकी तयार होईपर्यंत जिवंत माल त्यात राहील असं गृहीत धरा आणि रोज अमोनिया मोजा.

लागणारं सामान: झाकणाच्या मोठ्या बादल्या सात-आठ, थर्माकोलचे खोके, दोन जाळ्या, पाइप, बॅटरीचे एअर पंप, नायट्राइल हातमोजे, डोळ्यांना चष्मा, जुन्या गाद्या दोन, दोरखंड, काच उचलायचे सक्शन कप आणि चार-पाच दणकट माणसं. गाडी म्हणून छोटा हत्ती पुरतो. मागे ताडपत्री हवी.

क्रम असा ठेवा:

१. कशालाही हात लावायच्या आधी वरचं स्वच्छ पाणी बादल्यांत भरून घ्या.
२. प्रवाळ असलेले दगड त्या पाण्यात बुडवून ठेवा.
३. बाकीचे खडक काढा.
४. पाणी वीतभर उरलं की मासे पकडा. खडक असताना पकडायला गेलात तर तासभर झटापट होते आणि मासा जखमी होतो.
५. वाळू सगळ्यात शेवटी. मालकाचे मासे अजून पाण्यात असताना वाळू अजिबात ढवळायची नाही.

जुन्या वाळूबद्दल आमचं मत ठाम आहे: फेकून द्या. वरचे दोन सेंटिमीटर पांढरे दिसतात. खाली फावडं घातलं की राखाडी-काळा थर आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास. वर्षानुवर्षांची विष्ठा आणि फॉस्फेट त्यात साठलेलं असतं. धुऊन वापरू म्हणणाऱ्यांच्या टाकीत पुढचे सहा महिने शेवाळ हटत नाही.

खडकाबाबत एक धोका जिवावरचा आहे. झोअँथिड आणि पॅलिथोआ जातीच्या मऊ प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. असे खडक उकळत्या पाण्यात घालू नका, गरम पाण्याने घासू नका, प्रेशरने धुऊ नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. वाफेतून आणि तुषारांतून ते फुप्फुसात जातं. घरातली सगळी माणसं आणि कुत्री-मांजरं एकदम आजारी पडल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत. तोंडाला धातूसारखी चव, खोकला, श्वास लागणं, ताप यांतलं काही जाणवलं तर लगेच दवाखान्यात जा आणि या विषाचं नाव डॉक्टरांना सांगा. हातमोजे आणि चष्मा यासाठीच. हाताला चीर असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

टाकी पूर्ण रिकामी करून उचला. दोन बोटं पाणी किंवा पसाभर वाळूही आत नको. तळाला हात घालून सपाटच उचला, वरच्या पट्ट्यांना धरून नाही. गाडीत गादीवर, तळ खाली ठेवून ती घट्ट बांधा. उभी करून आणली की सांध्यांवर पीळ पडतो. उन्हाळ्यात पुण्याहून निघायचं तर संध्याकाळी उशिरा निघा. महामार्गाचे वळणरस्ते आणि खंबाटकीतला खोळंबा धरून सहा-सात तासांची तयारी ठेवा.

पिशवीतल्या माशांबाबत एक बारकावा. लांबच्या प्रवासात पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साठतो, पण माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो, म्हणून तो फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. त्यामुळे थेंब-थेंब पाणी सोडत दोन तास बसायचं नाही. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या. पिंपाची क्षारता विक्रेत्याच्या पाण्याइतकी आधीच जुळवून ठेवलेली असू द्या. मग पिशवी उघडायची, मासा जाळीने अलगद उचलायचा आणि लगेच आत सोडायचा. पिशवीतलं पाणी बाहेर.

८. गळती आणि ओव्हरफ्लोची चाचणी

टाकी साध्या पाण्याने तीन टप्प्यांत भरा: एक तृतीयांश, दोन तृतीयांश, पूर्ण. प्रत्येक टप्प्यावर काही तास थांबा. खाली चारही बाजूंनी वर्तमानपत्र पसरा. एक थेंब पडला तरी कागदावर डाग उमटतो. पूर्ण भरल्यावर ७२ तास तशीच ठेवा. सांधा नव्याने भरला असेल तर आधी आठवडाभर सुकू द्या.

मग पंप लावा. रिटर्न पंप पाणी वर चढवल्यानंतरही तासाला २९०० लिटर, म्हणजे एकूण पाण्याच्या पाचपट देणारा हवा. खोक्यावर ४५०० ते ५००० लिटर लिहिलेला असेल तर तो प्रत्यक्षात एवढं देतो. पंप चालू असताना बटण बंद करा आणि संपकडे बघा. वरचं पाणी ओसरून संपमध्ये येतं, ते काठाच्या आत थांबलं पाहिजे. थांबत नसेल तर संपची चालती पातळी कमी करा आणि रिटर्न पाइपला पाण्याच्या रेषेखाली एक-दोन सेंटिमीटरवर छोटं भोक पाडा, म्हणजे हवा शिरून सायफन (पाइपमधून पाणी आपोआप खाली ओढलं जाणं) तुटेल. सुरक्षित पातळीवर पक्क्या शाईने रेघ मारा. ही चाचणी तीनदा करा. रात्री वीज गेल्यावर हॉलभर खारं पाणी पसरतं ते या रेघेअभावी.

९. मीठ, खडक, वाळू आणि मग वाट

आरओ-डीआयचं पाणी आधी, मीठ नंतर. पंप चालू ठेवून थोडं थोडं घाला. एकदम ओतलं की कॅल्शियमचा पांढरा साका बसतो आणि तो परत विरघळत नाही. चोवीस तासांनी रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजायचं उपकरण) मोजा: क्षारता ३५ (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवा, नुसत्या आरओ पाण्याने नाही.

खडक थेट तळकाचेवर पक्का बसवा आणि वाळू नंतर भोवतीने घाला. खडक वाळूवर ठेवला तर वाळू उकरणारा मासा तो पाडतो. ४० किलो खडक आणि तीन-चार सेंटिमीटर थराला ४५ किलो अ‍ॅरागोनाइट वाळू पुरते. खडक मागच्या काचेला चिकटवू नका; हात आणि ब्लेड जाईल एवढी जागा सोडा.

आता अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू वाढवायचे. यासाठी मासा सोडून त्याला जाळायचं कारण नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराइड ५८० लिटरला साडेतीन ग्रॅम घातलं की अमोनिया २ पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोन भाग) आसपास येतो. बाजारात कल्हईसाठी मिळणारा नवसागर हेच रसायन असलं तरी त्यात काय काय मिसळलेलं असतं ते कळत नाही. तो वापरू नका. बाटलीतले जीवाणू घाला, तापमान २६-२७ ठेवा, दिवे बंद. घातलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य झाला आणि नायट्राइटही शून्य दिसलं की टाकी तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात. नायट्राइट जास्त असताना नायट्रेटचं किट खोटा, फुगलेला आकडा दाखवतं, म्हणून ते शेवटीच मोजा. मग निम्मं पाणी बदला.

दिवे लागले की आधी तपकिरी पूट येतं, मग हिरवे केस, कधी लालसर चिकट पापुद्रा. दुसऱ्या ते पाचव्या महिन्यापर्यंत हे चालतं. औषधं ओतत बसू नका. हाताने काढा, खाणं कमी करा, पाणी बदला.

१०. पहिले मासे, पहिले प्रवाळ

साठ लिटरची रिकामी क्वारंटाइन टाकी आधी तयार ठेवा: हीटर, संपमध्ये महिनाभर मुरवलेला स्पंज, लपायला पीव्हीसीचे तुकडे. प्रत्येक मासा तिथे चार आठवडे. तांब्याचं औषध फक्त तिथेच, आणि तिची जाळी-बादली वेगळी. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून ती ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते.

सुरुवात क्लाऊनफिशच्या जोडीने करा, तीही पैदास केलेली. या माशाच्या पैदाशीचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे कधीच बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेली जोडी घ्यायचं कारण उरलेलं नाही. पुढचा मासा दोन-तीन आठवड्यांनी: गोबी, फायरफिश, रॉयल ग्रामा. डॅमसेल स्वस्त आणि चिवट म्हणून दुकानदार देतात. ते मोठे होऊन बाकीच्यांना जगू देत नाहीत. पिवळा टँग पाच फुटांत राहतो, पण सहा महिन्यांनंतर. निळ्या टँगला ही टाकी अपुरी. मँडरिन वर्षभर तरी नाही, कारण तो खडकावरचे सूक्ष्म जीव टिपून जगतो आणि नव्या टाकीत ते नसतात.

प्रवाळ तिसऱ्या महिन्यापासून. आधी मशरूम, खाली, कमी प्रकाशात. मग झोअँथिड आणि लेदर. नवा लेदर कोरल अधूनमधून मिटतो, त्याच्यावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो आणि चार-आठ दिवस तो मेल्यासारखा दिसतो. तो कात टाकतोय. हलवू नका, फक्त त्याच्यावरून पाण्याचा प्रवाह जाईल असं बघा. पापुद्रा सुटून गेला की बोटं पुन्हा बाहेर येतात.

११. इथला उन्हाळा, पाऊस आणि थंडी

पाण्याचं तापमान २४ ते २७ हवं. २९ च्या वर मऊ प्रवाळही मिटतात आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. मार्च ते मे दुपार कडक असते पण हवा कोरडी असते, म्हणून पाण्यावर सोडलेला साधा पंखा दोन-तीन अंश उतरवतो. त्या बदल्यात रोज सात-आठ लिटर, कधी त्याहून जास्त पाणी उडतं. भरपाई फक्त गोड्या आरओ-डीआय पाण्याने करायची, खाऱ्याने नाही, कारण मीठ उडत नाही. यासाठी आपोआप पाणी भरणारं यंत्र लावा. गच्चीखालची खोली असेल तर पंखा पुरत नाही, पाव अश्वशक्तीचा चिलर लागतो. तो बंद कपाटात ठेवू नका. स्वतःच्याच उष्ण हवेत त्याला दम लागतो.

जून ते सप्टेंबर हवा दमट, पंख्याचा उपयोग नाही, पण पाणीही फारसं तापत नाही. प्रश्न विजेचा आणि पुराचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पातळी ३९ कडे सरकली की शंभर लिटर आरओ पाणी, बॅटऱ्या, मीठ आणि गोठवलेलं खाद्य घरात आणून ठेवा. महापुरात उपसा केंद्रं बुडाली की नळ बंद होतात आणि महामार्ग तुटला की कुरिअरही येत नाही. या दिवसांत माशांना दोन दिवसांआड, निम्मंच खायला द्या.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पंधराच्या खाली जातो. दोन्ही हीटर कंट्रोलरवर लावा आणि कंट्रोलरचा सेन्सर संपमध्ये घट्ट बांधा. तो पाण्याबाहेर लोंबकळला तर हीटर थांबणार नाहीत.

१२. आठवड्याचं काम

रोज: तापमान, माशांची संख्या, स्किमरचा कप. आठवड्याला: काच, ५५ लिटर पाणीबदल (दोन किलो मीठ), क्षारता आणि अल्कलिनिटी (पीएच घसरू न देण्याची पाण्याची क्षमता). पंधरा दिवसांनी: नायट्रेट आणि फॉस्फेट. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ठेवा. दोन्ही पोषकं शून्यावर नेऊ नका, मऊ प्रवाळ उपाशी पडतात. आकडे वहीत लिहा. एकट्या आकड्यापेक्षा तो कुठे सरकतोय ते जास्त महत्त्वाचं.

काढलेलं खारं पाणी मोरीत ओता. झाडांना, बागेत, रंकाळ्यात किंवा नदीत नाही. नको झालेला मासा किंवा प्रवाळही पाण्यात सोडायचा नाही. दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, सोबत त्याचं बिल द्या.